हजारात सॉकेट, की साडेसव्वीस हजारांत वायरिंग?

औसा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरामागं पत्र्याचा गोठा, दोन म्हशी, एक गाय आणि दोन एचपीची कडबाकुट्टी. गोठ्यातले दोन पिनांचे जुने काळे सॉकेट तडकलेत, एक तर जळून वितळलाय. दीर म्हणतात, ‘हजार-बाराशेत नवे तीन पिनांचे बसवून देतो.’ वायरमननं २६,५०० रुपये सांगितलेत. ताईंकडं दुधाच्या पैशातून साठवलेली ४०,००० ची आरडी आहे, ती लेकीच्या लातूरच्या क्लासच्या ऑक्टोबरच्या हप्त्यासाठी ठेवलेली. सध्या सॉकेटवरच भागवावं का, असं विचारतात.

ताई, ते हजार रुपये नुसते वाया गेले तरी नशीब म्हणायचं. तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थिंगसाठी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या तारेसाठी असतं. तुमच्या गोठ्यात वायरी दोनच आल्यात, म्हणजे त्या भोकाला जोडायला काहीच नाही. अशा वेळी काहीजण न्यूट्रलचाच तुकडा वर जोडून देतात. कुट्टी फिरते, टेस्टरही काही दाखवत नाही. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की कुट्टीच्या लोखंडी अंगात थेट २३० व्होल्ट येतात. दिरांना एवढं एकच विचारा: अर्थिंगची वायर कुठून आणणार?

‘फ्यूज आहे की’ असंही घरात कुणी म्हणेल. फ्यूज असो की एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच), तो वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या आत ढिम्म हलत नाही, आणि माणसाचा जीव जायला अर्ध्या अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. जीव वाचवायचं काम आरसीसीबी नावाच्या स्विचचं. तो आमच्या हिशेबाच्या धंद्यातलाच समजा: फेजनं गेलेलं आणि न्यूट्रलनं परत आलेलं जुळवत बसतो, ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडतो.

जनावरांचं तर आणखी अवघड. ओल्या जमिनीवर चार पाय, पुढच्या-मागच्या पायांत चांगलं अंतर, करंट छातीतूनच जातो. आमच्या गावाकडं एक म्हैस आठ दिवस हौदाला तोंड लावेना. दृष्ट काढून झाली, डॉक्टर झाले. हौदाशेजारच्या मोटरीची सोललेली वायर दिसली ती नवव्या दिवशी. तुमची एक म्हैस ८२ हजारांची आहे, असं तुम्हीच लिहिलंय. पहाटे ओल्या हातानं धारेला तुम्ही बसता, त्याची किंमत मी मांडत नाही.

आता पैशाचं. वायरमनचा हिशेब असा: आरसीसीबी, एमसीबी आणि पेटी ४,५००, अर्थिंग ६,०००, घरापासून कुट्टीपर्यंत तीन तारांची जाड केबल ७,०००, दिव्यांची वायरिंग आणि बोर्ड ५,०००, मजुरी ४,०००. दिव्यांचं काम दिवाळीनंतर करा. मजुरीतले हजार तेव्हा द्या. बाकीचे २०,५०० पावसाआधी खर्च करा. तोवर जुनी दिव्यांची लाइन तोडून ठेवा आणि नव्या पेटीतून एक एलईडी लावा, धारेपुरता उजेड होतो.

हे पैसे आरडीतूनच काढा. मुदतीआधी मोडल्यावर व्याजात जे जाईल ते हजाराच्या आतच राहील. बचत गटाचं दरमहा शेकडा दोननं घेतलं तर वर्षाला २४ टक्के होतात. पीक कर्जाला तर हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर ते जवळपास बिनव्याजी पडतं खरं, पण सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी ते वेळेत फिटत नाही आणि सवलतही जाते. दुधातून महिन्याला चार हजार मागं पडतात म्हणता, तर जून ते ऑक्टोबर २०,००० पुन्हा जमतील. लेकीचा हप्ता चुकत नाही, फक्त दसऱ्याची सोन्याची खरेदी यंदा राहील.

घासाघीस करायचीच तर मजुरीत करा, अर्थिंगमध्ये नको. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईपासून) सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्डा नीट भरून घ्या, चैत्र-वैशाखात त्यात घागरभर पाणी ओतत जा. माल आयएसआय खुणेचा, बिलासकट; वायरमन परवानाधारक. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबायचं. तो सारखा पडायला लागला तर गळती शोधायची, त्याला बगल देऊन लाइन जोडायची नाही.

बँकेत जाताय तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाला २० रुपये कापले जातात का, तेही पासबुकात बघून घ्या. अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे.

आणि तो वितळलेला सॉकेट काढला की लगेच फोडून टाका. ‘असू दे, कामी येईल’ म्हणत माळ्यावर गेला, तर पुढच्या वर्षी बोअरच्या खोलीत बसलेला दिसेल.