वाचकांचे प्रश्न: सोबत पळताना

यावेळच्या पत्रांमध्ये टायमिंगचे प्रश्न कमी आणि बरोबर पळणाऱ्या माणसांबद्दलचे जास्त निघाले. मला मनापासून आनंद झाला, म्हणून हा सगळा भाग त्यांनाच दिलाय.

प्रश्न: मी ४६ वर्षांची आहे. तीन हाफ झाल्या, आता पहिल्या फुल मॅरेथॉनची तयारी चालू आहे. ग्रुपमध्ये मी कायम शेवटची. माझा लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) संपतो तेव्हा बाकीच्यांचं स्ट्रेचिंगसुद्धा उरकलेलं असतं आणि सगळे माझ्यासाठी ताटकळलेले असतात. म्हणून हल्ली सुरुवातीचे ८-१० किलोमीटर मी त्यांच्या पेसने (वेगाने) रेटते, मग पुढे पाय उचलत नाहीत. त्यापेक्षा एकटीच पळू का?

ताई, एकट्या पळू नका, पण त्यांच्या पेसने तर मुळीच पळू नका. लाँग रनचं काम शरीराला दमवून टाकणं हे नाहीच. हळू पळताना स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळून ऊर्जा काढायची सवय लागते, आणि हे सगळं तुम्हाला पळता पळता पूर्ण वाक्यात बोलता येतंय अशा पेसलाच नीट होतं. तुम्ही पहिले १० किलोमीटर धापा टाकत काढता म्हणजे तो ना धड स्पीडचा सराव होतो ना धड लाँग रन, आणि नंतरच्या किलोमीटरांत थकलेल्या पायांनी स्टेप वाकडीतिकडी पडायला लागते, दुखापती तिथूनच सुरू होतात.

आता ताटकळण्याचं. आमच्या ग्रुपमध्ये हाच प्रश्न होता आणि आम्ही तो घड्याळाने सोडवला. सगळ्यांनी एकत्र निघायचं, ज्याने त्याने आपापल्या पेसने जायचं आणि ठरलेल्या मिनिटाला, समजा ७५ व्या मिनिटाला, जिथे असाल तिथून मागे वळायचं. फास्ट माणूस लांब गेलेला असतो, तुम्ही कमी गेलेल्या असता, पण परत सगळे जवळपास एकाच वेळी येतात. कुणीच कुणासाठी थांबत नाही, शिवाय परतीच्या वाटेवर मागचे लोक तुम्हाला गाठत जातात, हाक मारतात, दोन शब्द बोलतात. हे तुमच्या ग्रुपला सुचवून बघा, नाही म्हणायला मला तरी काही कारण दिसत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक रविवारी एकाने पाळीपाळीने मागे राहायचं, शेवटच्या माणसासोबत. उपकार म्हणून नाही हं, त्या माणसाचा तो रिकव्हरी रन, म्हणजे पाय सावरायला हळू पळणं, होतो आणि दमदार रनर्सना हळू पळायला शिकायची गरज बहुतेकदा तुमच्यापेक्षा जास्त असते.

एक मात्र तुमच्यासाठी वेगळं सांगतो. ट्रेनिंग प्लॅनमध्ये ३२ किलोमीटरचा लाँग रन लिहिलेला असतो, तो तीन साडेतीन तासांत संपवणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असतो. तुम्हाला त्याला साडेचार तास लागणार असतील तर किलोमीटर सोडा आणि साडेतीन तासांवर थांबा, त्यापुढे फायदा फार वाढत नाही आणि सावरायला मात्र पुढचा अख्खा आठवडा जातो. आणि रेसमध्ये पाच-सहा तास रस्त्यावर असाल तेव्हा पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लासच्या ग्लास रिकामे करू नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं रक्त फिनिशला तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं सापडलं, आणि धोका जास्त होता तो चार तासांपेक्षा जास्त वेळ पळणाऱ्यांना आणि इतकं पाणी पिणाऱ्यांना की शेवटी त्यांचं वजन उलट वाढलं होतं. तहान लागेल तसं प्या, तेवढं पुरतं.

प्रश्न: जवळच्या मित्राची पहिली फुल आहे, माझी सहावी. त्याला पाच तासांत आणायचं असं मी कबूल केलंय. ३० किलोमीटरनंतर त्याला कसं सांभाळू? तो आत्ताच म्हणतोय की मी थांबलो तर तू पुढे जा. खरंच जाऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते रेसच्या आधी ठरायला हवं. ३५ व्या किलोमीटरला माणूस जे बोलतो ते त्याचं नसतं, थकव्याचं असतं. त्यामुळे आठवडाभर आधी शांतपणे बसून ठरवा की अमुक झालं तर मी थांबणार, तमुक झालं तर जाणार. तुम्ही सोबत करायची म्हणताय ना, मग त्या दिवशी तुमचं टायमिंग हा विषयच ठेवू नका. अर्धं मन स्वतःच्या घड्याळात ठेवून दुसऱ्याला पेस करता येत नाही, शेजारच्याला ते लगेच कळतं आणि तो तुमच्यासाठी ओढून पळायला लागतो.

आता ३० नंतरचं. त्याला ३० नंतर सांभाळायचं काम पहिल्या १० मध्येच होतं. स्नायूंत आणि लिव्हरमध्ये मिळून साधारण २००० कॅलरीच्या आसपास ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि ते बऱ्याच जणांचं ३० ते ३५ च्या दरम्यान तळाला जातं, यालाच आपण वॉल लागली म्हणतो. जितक्या जोरात सुरुवात कराल तितकं ते लवकर संपतं. पाच तासांसाठी पेस लागतो किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ६ सेकंद, पण सुरुवातीच्या गर्दीत, टाळ्या-ढोल ऐकून, आठवडाभर विश्रांती घेतलेल्या पायांनी तो साडेसहाने सुटेल आणि म्हणेल अरे किती हलकं वाटतंय. तुम्ही तिथे अर्धं पाऊल मागे राहा. पुढे राहिलात तर तो तुमच्या मागे खेचला जाईल, मागे राहिलात तर तो आपोआप हळू होतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पहिल्यांदा पेस केलं तेव्हा मी पुढे राहिलो होतो आणि माझा मित्र २७ ला चालायला लागला, ते अजून मनात आहे.

घड्याळाबद्दल एक छोटी गोष्ट. कोर्स, म्हणजे रेसचा रस्ता, मोजताना सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात आणि अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्तच धरतात. आपण वळणावर बाहेरून जातो, लोकांना वळसा घालतो, त्यामुळे फिनिशला तुमच्या घड्याळात ४२.१९५ नाही तर ४२.६ वगैरे दिसेल. पेसचा हिशोब त्यावर करा, नाहीतर शेवटी दोन-तीन मिनिटं कमी पडतात आणि तो बिचारा सगळं बरोबर करूनही हुकतो.

खाणं पहिल्या तासापासून चालू ठेवायला लावा, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स, एनर्जी जेल असो किंवा तो सरावात जे घेत असेल ते, नवीन काही नाही. ३० नंतर पोट नकार देतं, तेव्हा आठवण करून उपयोग नसतो. पाण्याचं टेबल आलं की तुम्ही आत घुसा आणि दोन ग्लास घेऊन या, त्याला सरळ रेषेत राहू दे. त्याच्याशी बोला पण उत्तर मागू नका. आणि कृपा करून ३१ व्या किलोमीटरला "आता थोडंच राहिलं" म्हणू नका, ११ किलोमीटर थोडे नसतात आणि त्याला ते माहीत असतं. त्यापेक्षा तो पुढचा खांब दाखवा, तिथपर्यंत जाऊ म्हणा, मग पुढचं वळण.

जगातल्या सगळ्यात मोठ्या रनरलाही सोबत लागतेच की. एलिउड किपचोगेने १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर पार केलं तेव्हा त्याच्यासाठी ४१ पेसर आळीपाळीने पळत होते. ती अधिकृत रेकॉर्ड म्हणून धरली गेली नाही, एक कारण हे बदलते पेसरच, पण माझ्या मनात राहिलंय ते शेवटचं दृश्य, पेसर बाजूला होतात, तो एकटा पुढे निघतो आणि मागे राहिलेले सगळे हात उंचावून त्याच्यासाठी ओरडतायत.

आणि खरंच तब्येत बिघडली तर? पोटरीत गोळा आला, मूड गेला, चालावंसं वाटतंय, तर थांबा, हलकं स्ट्रेच करा, चालत चालत जा, दहा मिनिटांत बरेचदा सावरतं. पण तो असंबद्ध बोलायला लागला, तिरपा जायला लागला, साध्या प्रश्नाचं उत्तर चुकवलं, तर त्या क्षणी रेस संपली. मी दर पाच किलोमीटरला काहीतरी सोपं विचारतो, आज वार कोणता असं, त्यासाठीच. असं झालं तर रेसच्या मेडिकल टीमला हाक मारा. उन्हाने अंग तापलं असेल तर सावलीत नेऊन ताबडतोब पाणी-बर्फाने गार करायला सुरुवात करा, उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. पण गोंधळलेला आहे म्हणून घशात पाणी ओतत बसू नका, कारण वर सांगितलं तसं सोडियम कमी झालेलं असेल तर त्याने उलट बिघडतं.

फिनिश जवळ आहे म्हणून त्याला ओढत नेऊ नका. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये सगळ्यात आधी आला, चुकीच्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, अधिकाऱ्यांनी हाताला धरून त्याला रेषेपार नेलं आणि मदत घेतली म्हणून तो बाद झाला, सोनं अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला कप दिला हे खरं, पण मी ते वर्णन वाचतो तेव्हा मला एवढंच वाटतं की त्या माणसाला स्ट्रेचर हवं होतं.

तेव्हा जाऊ का याचं उत्तर: तो फक्त हळू झाला असेल तर थांबा, आजारी असेल तर तर थांबाच.

प्रश्न: शूज किती किलोमीटरनंतर बदलायचे?

साधारण ५०० ते ८००. आकड्यापेक्षा गुडघे-पोटऱ्या कारण नसताना कुरकुरायला लागल्या, सोल एका बाजूने झिजला की बदला. आणि रेसच्या दिवशी कोरे शूज घालू नका, आधी त्यात एक-दोन लाँग रन होऊ देत.

प्रश्न: आमच्या ओळखीतल्या एका दृष्टिहीन तरुणाला हाफ पळायचीय आणि त्याने मला गाइड होशील का विचारलंय. मला हो म्हणायचंय पण भीती वाटते, माझ्या चुकीने तो पडला तर?

हो म्हणा. भीती वाटतेय म्हणजे तुम्ही काळजीने कराल. पण रेसच्या आधी किमान काही आठवडे एकत्र पळा, आणि तुमचा पेस त्याच्यापेक्षा आरामात जास्त असायला हवा, कारण तुम्हाला पळताना सतत बोलायचंय, स्वतःच धाप लागली तर बोलणं पहिलं बंद पडतं.

दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते, दोन्ही टोकांना फासा, तिला टेदर म्हणतात. ती ओढायची नाही, तिच्यातून फक्त जाणवतं. पेस तो ठरवणार, तुम्ही नाही. शेजारी शेजारी, हातांची लय जुळवून. आधी शब्द ठरवून घ्या: डावीकडे, उजवीकडे, चढ, उतार, स्पीड ब्रेकर. आणि ते वेळेत सांगा, "तीन, दोन, एक, वर" असं, नुसतं "सांभाळ" ओरडून काही कळत नाही, काय सांभाळू आणि कुठे? अरुंद जागेत तुम्ही थोडे पुढे व्हा. गर्दीत पुढच्यांना तुम्ही आवाज द्या. रस्ता मोकळा असला की आजूबाजूला काय आहे तेही सांगत राहा, उजाडतंय, झाडी सुरू झाली, कुणीतरी लहान मुलगी हात पुढे करून उभी आहे. मी ज्याच्यासोबत गाइड म्हणून पळतो तो म्हणतो मला अडथळे तर सांगच, पण हेही सांग, रेस माझीपण आहे ना.

आणि फिनिश लाइन आधी त्याने ओलांडायची, स्पर्धेत तसा नियमच आहे. शेवटची काही पावलं तुम्ही जरा मागे राहा.

प्रश्न: रेसला पाच आठवडे राहिलेत आणि नडगी दुखतेय. ग्रुप जोरात तयारी करतोय आणि मी घरी. रडू येतं. हळूहळू पळत राहू का?

एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतंय का? त्या पायावर एकदा उडी मारली तर तिथेच कळ येते का? तसं असेल तर पळणं आज बंद आणि डॉक्टरकडे, हाडाला बारीक चीर असू शकते आणि त्यावर पळत राहिलात तर आठवड्यांचं दुखणं महिन्यांवर जातं. दम आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतं, हाडं आणि टेंडन्स मागून हळूहळू येतात, जोशात किलोमीटर वाढवले की हेच होतं. डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं, सायकल चालू ठेवा. रेस यावेळी सोडावी लागली तर सोडा.

रडू येतं त्याचं मी समजू शकतो. माझी एक रेस अशीच गेली आणि मी त्या दिवशी घरी बसू शकलो नाही, ३५ व्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर उभा राहिलो. तुम्हीही या. ग्लास अर्धाच भरायचा आणि खालून तळहातावर धरायचा म्हणजे रनरला वरून सहज उचलता येतो. पाणी आणि इलेक्ट्रोलाइट वेगळे ठेवून मोठ्याने सांगायचं कोणतं काय. बिबवर (छातीवरच्या नंबराच्या कागदावर) नाव असतं, नावाने हाक मारा, त्या टप्प्याला स्वतःचं नाव ऐकून माणूस मान वर करतो. सगळ्यांनी पहिल्या टेबलापाशी गर्दी करू नका, पसरून उभे राहा. आणि ग्लास मोजून ठेवा, फास्ट लोक गेल्यावर टेबलं आवरायची घाई होते, पण साडेपाच तासांनी येणारीलाही तहान लागलेली असते.