‘एव्हरीवन’ला हॅज की हॅव? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझी मुलगी आठवीत आहे. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि पेपर इंग्रजीचा. तिने ‘एव्हरीवन हॅव ब्रॉट देअर टिफिन’ असं लिहिलं तर हॅव कापून हॅज केलं, पण देअर तसंच ठेवलं. सगळे म्हणजे पुष्कळ ना? मग हॅज कसं काय? आणि हॅज असेल तर देअर कसं चालतं? (एक आई, भुसावळ)

उत्तर: ताई, मुलीचं डोकं बरोबर चाललंय, फक्त ती मराठीतून मोजतेय. आपण ‘सगळे आले’ म्हणतो, पूर्ण घोळका एकदम डोळ्यासमोर येतो. इंग्रजीतलं एव्हरीवन मात्र हजेरी घेतल्यासारखं आहे, बाई रजिस्टर उघडून एकेकाचं नाव घेतात तसं. त्या शब्दातच ‘वन’ बसलाय बघा, आणि एव्हरीबडी, समवन, एनीबडी, नोबडी, ईच ही सगळी त्याच घरातली, म्हणून क्रियापद एकवचनी. तिला सांगा, ‘प्रत्येक जण’ म्हणून बघ, ‘प्रत्येक जण आला आहे’ असंच आपसूक तोंडात येतं, आले आहेत येत नाही. बस, हॅज पक्कं झालं.

आता देअर. तो प्रत्येक जण मुलगा की मुलगी हे माहीत नाही, म्हणून देअर. हे काही आजचं फॅड नाही, 14व्या शतकापासून इंग्रजीत असं लिहिलेलं सापडतं. मध्ये बराच काळ व्याकरणाच्या पुस्तकांनी ‘हिज’च लिहा असा आग्रह धरला आणि आपल्याकडचे कितीतरी जण तेच शिकले. मला स्वतःला देअर योग्य वाटतं, कारण वर्गातल्या निम्म्या मुलींना ‘हिज’मध्ये कोंबायचं कशाला? पेपर तपासणारे जुन्या वळणाचे असतील तर ‘ऑल द चिल्ड्रन हॅव ब्रॉट देअर टिफिन्स’ लिहावं, म्हणजे वादच नको.

प्रश्न: मी धुळ्याहून पुण्याला इंटरव्ह्यूला गेलो. ‘मायसेल्फ’ म्हणून पुढे नाव सांगितलं तर समोरचे हसले. आमच्याकडे सगळे असंच सांगतात. काय चुकलं? (एक वाचक, धुळे)

उत्तर: भाऊ, हसणाऱ्यांनी हसायला नको होतं, पण चूक आहे आणि ती अख्ख्या देशात होते. ‘आय ॲम’ म्हणून नाव सांगा, नाहीतर ‘माय नेम इज’. मायसेल्फ एकटं कर्ता होऊ शकत नाही, त्याला आधी ‘आय’ लागतो.

मग ते वापरायचं कधी? चुलीवर भरताची वांगी भाजताना आईचा हात भाजला तर ‘शी बर्न्ट हरसेल्फ’. करणारी तीच, भोगणारी पण तीच. इथे नुसतं ‘शी बर्न्ट हर’ लिहिलं तर तिने दुसऱ्याच बाईला भाजलं असा अर्थ होतो, एका सेल्फमुळे केवढा फरक पडला बघा! आपलं ‘स्वतःला’ सगळ्यांना पुरतं, मी, तू, ती, ते कोणीही असो. इंग्रजीत मात्र माणसाप्रमाणे शब्द बदलतो. दुसरा उपयोग जोर द्यायला, ‘आय मायसेल्फ चेक्ड द बिल’, म्हणजे मी स्वतः बघितलं. आणि ‘बाय मायसेल्फ’ म्हणजे एकट्याने.

अजून एक, आपण मराठीत ‘कानबाईच्या उत्सवात खूप एन्जॉय केलं’ म्हणतो म्हणून इंग्रजीतही ‘वी एन्जॉयड’ लिहून मोकळे होतो. तिथे ‘वी एन्जॉयड अवरसेल्व्ज’ पाहिजे, किंवा काय एन्जॉय केलं ते तरी सांगा.

प्रश्न: आमची केळी कापून वावरात पडलेली, गाडी भरायला कोणीच आलं नाही, मी एक्स्पोर्टवाल्यांना ‘एनीबडी डिड नॉट कम’ असा मेसेज टाकला, पोरगा म्हणतो चुकलं. त्याने ‘नोबडी डिड नॉट कम’ करून दिलं. (एक शेतकरी, रावेर)

उत्तर: दादा, दोन्ही चुकलं, पण पोराचं जास्त नडलं असतं, कारण त्याच्या वाक्याचा अर्थ ‘न आलेला कोणी नाही’ असा, म्हणजे सगळे आले! मराठीत ‘कोणीच’ म्हणूनही पुढे ‘नाही’ लागतं. इंग्रजीत नकार एकदाच, तो नोबडीच्या पोटात आहे. ‘नोबडी केम’, एवढंच लिहा.

एनीबडी नकारात वापरायचं तर ‘नॉट’ आधी आणि ‘एनी’ नंतर, जसं ‘आय डिड नॉट सी एनीबडी’. वाक्याच्या सुरुवातीला एनीबडी टाकून मागून नॉट लावता येत नाही.

ता. क. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ज’ बरोबर का, असं चार-पाच जणांनी विचारलंय. नाही. मायसेल्फ ‘माय’वरून झालं म्हणून तसं वाटतं खरं, पण प्रमाण इंग्रजीत हिमसेल्फ आणि देमसेल्व्ज असंच लिहितात.