जीटीए खेळून झालंय, आता 'याकुझा ६' थेट सुरू केला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला ऐरोली, शिफ्ट सांभाळून आठवड्याला सात-आठ तास मिळतात, जीटीएचे (ग्रँड थेफ्ट ऑटो) सगळे भाग संपलेत, सेलमध्ये 'याकुझा ६: द साँग ऑफ लाइफ' स्वस्तात दिसतोय आणि लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. लॅपटॉपवर चालेल का, आणि आधीचे भाग न खेळता गोष्ट कळेल का?

लॅपटॉपवर चालेल. गोष्ट कळेल, पण भिडणार नाही. आणि या गेममध्ये भिडण्यालाच सगळी किंमत आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

याकुझा म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्या, त्यांच्यावरच ही मालिका. तिचा पहिला भाग जपानमध्ये ८ डिसेंबर २००५ला प्लेस्टेशन २वर आला. सहावा बरोबर अकरा वर्षांनी, ८ डिसेंबर २०१६ला. जपानबाहेर तो एप्रिल २०१८मध्ये आणि पीसीवर मार्च २०२१मध्ये पोचला. इतकी वर्षं गोष्टीच्या मध्यभागी एकच माणूस, काझुमा किर्यू. सहाव्यात तो तुरुंगातून सुटून येतो तेव्हा त्याने वाढवलेली हारुका बेपत्ता असते. सापडते ती हॉस्पिटलमध्ये, गाडीने उडवल्यामुळे बेशुद्ध, आणि तिचं तान्हं बाळ हारुतो किर्यूच्या हातात येतं. बाळाचा बाप कोण, हे शोधत तो ओनोमिची नावाच्या बंदराच्या गावी जातो. हे सगळं सुरुवातीलाच घडतं, त्यामुळे मी काही फोडलं असं समजू नका. हारुका पहिल्या गेममध्ये नऊ वर्षांची असते. तिला तेव्हापासून पाहिलं नसेल तर पलंगावर पडलेली ती फक्त एक अनोळखी मुलगी राहते.

मग सगळंच खेळायचं का? मुख्य कथेपुरते तास धरा: 'झिरो' (पहिल्याच्या आधीची कथा) तीसच्या आसपास, 'किवामी' (म्हणजे पहिल्या भागाची नवी आवृत्ती) वीस, 'किवामी २' वीस, तिसरा वीस, चौथा पंचवीस, पाचवा चाळीस आणि सहावा वीस. बेरीज पावणेदोनशे. तुमच्या वेळात साडेपाच महिने, तेही एकाही सबस्टोरीकडे (मुख्य कथेबाहेरची छोटी गोष्ट) ढुंकून न पाहता, आणि ते कुणाला जमलेलं नाही.

वेळ नसेल तर माझा रस्ता असा: झिरो, किवामी, तिसरा, पाचवा, मग सहावा. दुसऱ्या आणि चौथ्याचा सारांश वाचून घ्या. ते भाग वाईट नाहीत, दुसरा तर फार चांगला आहे. पण सहाव्याची गाठ हारुकाशी आहे, आणि तिच्या दृष्टीने तिसरा व पाचवा टाळता येत नाहीत. तिसऱ्यात किर्यू ओकिनावात अनाथाश्रम चालवतो. सुरुवातीचे काही तास मुलांची भांडणं आणि हरवलेले पैसे यातच जातात, तिथे कंटाळून पळणारे बरेच आहेत. पळू नका, सहाव्याचा पाया तिथेच घातलाय. पाचव्यात तर तुम्ही स्वतः हारुका म्हणून खेळता, ओसाकात, नाचाच्या स्पर्धांमध्ये. बटणं तालावर दाबायची, एकही ठोसा नाही.

तिसऱ्यातला खरा त्रास वेगळाच आहे. शत्रू सतत हात आडवे धरून वार अडवतात. नुसतं हलका वार, हलका वार करत राहिलात तर एकेक गुंड पाच मिनिटं खातो. उपाय म्हणजे पकडायचं, फेकायचं आणि पडलेल्यावर वार करायचे, नाहीतर बाजूला सरकून पाठीमागून. शिवाय 'किवामी २' नव्या इंजिनवर (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) आहे आणि तिसरा जुन्यावर, म्हणून दुसरा खेळून लगेच तिसरा लावला तर लोकलच्या एसी डब्यातून उतरून गर्दीच्या डब्यात चढल्यासारखं वाटतं. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

जीटीएची सवय मात्र पहिल्याच रात्री मोडावी लागेल. इथे गाडी चोरता येत नाही, रस्त्यावरच्या माणसाला मारता येत नाही, लांब जायचं तर टॅक्सी. किर्यू कोणाचा जीव घेत नाही, ही त्याच्या पात्राची अटच आहे (डोक्यात सायकल घालून हे कसं साधतं, ते विचारू नका). नकाशाही इवलासा. कामुरोचो म्हणजे टोकियोच्या काबुकिचोवरून बेतलेली वस्ती. जांभळी नाक्याची बाजारपेठ आणि गोखले रोड एकत्र केला तर जेवढं होईल, अंदाजे तेवढी. पण 'झिरो'मध्ये तीच वस्ती १९८८ सालची दिसते आणि सहाव्यात २०१६ची. त्याच गल्ल्या, त्याच कोपऱ्यावरचं दुकान बदललेलं. थेट सहावा लावणाऱ्याला ही मजा मिळत नाही. उलट सहाव्यात चॅम्पियन डिस्ट्रिक्टसारखे काही भाग बंदच आहेत, त्यामुळे जुने खेळाडू कुरकुरतात. माजिमासाठी (मालिकेतला लाडका, वेडसर याकुझा) गेम घेत असाल तर आताच सांगतो, तो यात चवीपुरताच आहे.

ओनोमिची मात्र मन भरून पाहा. दिवाळे कोळीवाड्याच्या मागे येऊरचा डोंगर आणून ठेवला, त्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी देवळं चढवली, की साधारण तसं. तिथल्या छोट्या टोळीचा म्हातारा म्होरक्या हिरोसे याला चेहरा आणि आवाज जपानी अभिनेता-दिग्दर्शक ताकेशी कितानोचा आहे, त्याचे प्रसंग घाईत उरकू नका. भाल्याने मासे मारायचा खेळही तिथेच. मासे विकून पैसे बरे सुटतात, पहिल्या काही तासांत खिसा रिकामा असतो तेव्हा उपयोगी.

आता मारामारी. कंट्रोलर घ्या, कीबोर्डवर हाल होतात. एक्सबॉक्सच्या बटणांनी सांगतो: एक्स हलका वार, वाय जड वार, बी पकड, ए चुकवणं, एलबी अडवणं, आरबी समोरच्यावर नजर लॉक. तीन-चार एक्स मारून शेवटी वाय, हा रोजचा डाळभात. एलबी फक्त समोरून आलेला वार अडवतो. चौघांनी घेरलं आणि तुम्ही एलबी धरून उभे राहिलात तर पाठीत बसणारच. आधी ए दाबून घोळक्यातून बाहेर पडा, सगळे एका बाजूला आले की एकाला उचलून बाकीच्यांवर फेका. ड्रॅगन इंजिनवर (वर म्हटलेलं नवं इंजिन ते हेच) आलेला हा मालिकेतला पहिलाच गेम, आणि फेकलेला माणूस मागच्या दोघांना खरंच घेऊन पडतो.

आरटी दाबलं की एक्स्ट्रीम हीट मोड (हीट म्हणजे मारामारीत भरत जाणारा जोराचा साठा). त्यात वार लवकर तुटत नाहीत आणि जड वस्तू सहज उचलल्या जातात. नवा माणूस ते किरकोळ पोरांवर उधळतो आणि बॉस समोर आला की हीट शून्य. बॉसकरता राखून ठेवा. जवळ स्टॅमिनान तीन-चार आणि टॉरिनर दोन तरी असू द्यात. पहिल्याने तब्येत भरते, दुसऱ्याने हीट, आणि मारामारी थांबवून मध्येच पिता येतं. बॉसशी हरणारे बहुतेक जण रिकाम्या खिशाने गेलेले असतात.

अनुभवाचे गुण पाच रंगांत मिळतात: ताकद, चपळाई, जिद्द, तंत्र आणि आकर्षण. प्रत्येक कौशल्याला त्यांचं ठरावीक मिश्रण लागतं, त्यामुळे नुसती मारामारी केली तर एक रंग तुंबतो आणि दुसऱ्यावाचून काम अडतं. यावर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जेवण. प्रत्येक पदार्थाचं मिश्रण वेगळं असतं. पोट भरलं की पुढच्या ताटातून काही हाती लागत नाही. दोन मारामाऱ्या करा, भूक लागेल, मग पुन्हा हॉटेलात. रायझॅप जिममध्ये व्यायाम करून त्यांनी सांगितलेलंच खाल्लं तर गुण घसघशीत मिळतात. सुरुवातीचे गुण तब्येत आणि हल्ल्यावर घाला, गप्पांची आणि खेळांची कौशल्यं नंतर. टोळी उभारायचा एक खेळ आहे, न्यू जपान प्रो-रेसलिंगचे ओकादा, तानाहाशी, नाइतो समोर उभे करणारा. कुस्ती बघत असाल तर खेळा, नाहीतर ओळखीपुरता खेळून सोडा.

सेव्ह किर्यूच्या मोबाइलवरून रस्त्यात कुठेही होतं. कथेचे प्रसंग मात्र लांबलचक असतात. ते थांबवता येतात, पण मधूनच सेव्ह करता येत नाही. झोपायला अर्धा तास उरला असेल तर कथेच्या खुणेपाशी जाऊच नका, एखादी सबस्टोरी उरका. आवाज फक्त जपानी आहे, इंग्रजी सबटायटल वाचावी लागतात, म्हणून एकीकडे जेवत खेळायचा हा गेम नव्हे. 'आनिकी' कानावर पडेल तेव्हा आपल्याकडचं 'भाई' किंवा 'दादा' समजा, नातं लगेच लागतं.

लॅपटॉप: किमान अपेक्षा जीटीएक्स ६६०, शिफारस जीटीएक्स १०६०. तुमचं कार्ड मधलं. जागा चाळीस जीबी मोकळी ठेवा, आणि ती एसएसडीवरच. रस्त्यावरून दुकानात शिरताना इथे लोडिंगचा पडदा येत नाही, धावता धावता सगळं डिस्कवरून ओढलं जातं. जुन्या हार्ड डिस्कवर मग भिंती आणि पाट्या उशिरा उमटतात, मध्ये झटके बसतात, आणि लोक दोष ग्राफिक्स कार्डाला देतात. आधी सावल्या आणि प्रतिबिंबं मध्यमवर आणा, कारण रात्रीच्या कामुरोचोत सगळा भार निऑनच्या प्रतिबिंबांचा. तरी अडखळला तर रेंडर स्केल (चित्र आतून किती बारकाईने काढायचं ते) थोडं उतरवा. तेही पुरलं नाही तर सेकंदाला फ्रेम ३०वर बांधून टाका. प्लेस्टेशन ४वर हा गेम ३०वरच चालायचा, आणि पक्के ३० हे वरखाली होणाऱ्या ५०पेक्षा डोळ्याला बरे. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर कार्ड स्वतःच हात आखडतं. एप्रिल-मे मध्ये खालून हवा जाईल असा लॅपटॉप उचलून ठेवा, गादीवर तर अजिबात नको.

सहावा हा किर्यूच्या कथेचा 'शेवटचा भाग' असं म्हटलं जायचं, आणि ते तेव्हा खरं होतं. २०२०च्या सातव्यात नायक बदलला, इचिबान कासुगा आला, आणि मारामारी आळीपाळीने वार करण्याची झाली. किर्यू पुढे २०२३च्या 'गायडेन'मध्ये आणि २०२४च्या आठव्यात परत दिसतो. हे पोस्टरवरच छापलंय, म्हणून लपवत नाही. पण 'गायडेन'चा ट्रेलर सहावा संपेपर्यंत उघडू नका, सहाव्याचा शेवट त्यात पहिल्याच मिनिटाला हातात येतो. सहावा एकूण तेरा प्रकरणांचा आहे. तेराव्याआधी पेये भरून घ्या आणि वेगळ्या जागी एक सेव्ह ठेवा. राहिलेल्या सबस्टोऱ्या नंतर प्रीमियम ॲडव्हेंचरमध्ये (कथा संपल्यावर मोकळं फिरायचा मोड) करता येतात, तेव्हा त्यांच्यासाठी अडून बसू नका.