“झोपू दे तिला, सकाळी उतरेल”

“ताई, मी २४ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. कॉलेजच्या ग्रुपबरोबर गोव्याला गेले होते, आम्ही सहा जण. क्लबमध्ये एक मैत्रीण खूप प्यायली, वर कुणीतरी दिलेली गोळी घेतली. खोलीवर आल्यावर हाका मारल्या तरी डोळे उघडेना. सगळे म्हणाले, झोपू दे, डॉक्टर बोलावला तर पोलीस येतील, घरी कळेल. मी रात्रभर तिच्याजवळ बसले. ती बरी आहे, पण ग्रुपमध्ये मी आता ‘काकूबाई’. डिसेंबरमध्ये पुन्हा जायचंय. माझं चुकलं का?”

अगं, तू बसलीस म्हणून माझा जीव भांड्यात पडला. पण तेव्हाच १०८ ला फोन करायला हवा होता. हाका मारून, चिमटा काढूनही माणूस जागा होत नसेल तर ती बेशुद्धी असते. शेवटचा ग्लास ठेवल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे खोलीवर आणल्यावर तब्येत आणखी बिघडू शकते. उताणं झोपवलं आणि उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून कुशीवर वळवायचं, लिंबूपाणी, कॉफी काही पाजायचं नाही, श्वासावर लक्ष ठेवायचं. आणि गोळीचं डॉक्टरांना सांगायचंच. झोपेची गोळी दारूवर पडली तर श्वास मंदावतो, नाचताना घेतात त्या गोळीने अंग भयंकर तापू शकतं. डॉक्टरांना हे कळायलाच हवं.

पोलिसांची भीती खोटी नाही. १९८५ च्या कायद्याने अमली पदार्थ घेणं गुन्हाच आहे. पण तिच्या जिवापुढे त्या भीतीचं वजन जास्त झालं, हे मला फार लागलं. तुमच्यात कुणी वाईट नव्हतं गं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, एवढंच. पिण्याचंही तसंच होतं. एकेकाने राउंड, म्हणजे सगळ्यांसाठी एकदम ग्लास, मागवायचा म्हटलं की सगळ्यात हळू पिणारीलाही सगळ्यात भरभर पिणाऱ्याच्या वेगाने प्यावं लागतं.

डिसेंबरला जायचंच असेल तर निघण्याआधी, शुद्धीत असताना बोला. राउंड नकोत, ज्याचं त्याने मागवावं. दर रात्री एकाने अजिबात प्यायचं नाही, आणि तो म्हणेल तेव्हा फोन लागलाच पाहिजे, त्यावर चर्चा नाही. अनोळखी हातातली गोळी कुणीच घ्यायची नाही. हे कुणालाच मान्य नसेल तर तू जाऊ नकोस.

त्याआधी त्या मैत्रिणीला एकटीला गाठ. त्या रात्रीचं तिला बहुधा काहीच आठवत नसेल. तू काय पाहिलंस ते तिला सांग.