धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) वाळवताय? आधी हे वाचा

पहिल्याच तोडणीत पाच किलो धिंगरी निघाली, अभिनंदन! पण ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून फ्रिजमध्ये टाकली असेल, तर आत्ताच बाहेर काढा. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं. पिशवीत तिला घाम फुटतो आणि ती बुळबुळीत होते. कागदी पिशवीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, धुऊ नका, आणि चार-पाच दिवसांत संपवा.

उरलेली वाळवायची. जाड देठ उभे चिरा, नाहीतर कडा कडकडीत आणि आतून ओलं राहतं. ड्रायरमध्ये ५० अंशांच्या आसपास ठेवा. घाई करून आच वाढवली तर बाहेरून करपते. पापडासारखी कट्‌कन मोडली की झाली. नुसती वाकली तर अजून ओली आहे. पाच किलोची जेमतेम अर्धा किलो होते, बिचकू नका.

पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा, सोबत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी, आणि बरणी अंधाऱ्या कपाटात. मी एकदा कोमटच भरली होती. आठवड्यात बुरशी! कोकणातल्या पावसाळ्यात तर बरणी उघडी ठेवून फोनसुद्धा घेऊ नका.