तुला खाली कोण आणणार?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोबाइल टॉवरवर चढून काम करणारा रिगर म्हणून लागलास, पहिल्याच आठवड्यात चाळीस मीटरचा जीबीटी, म्हणजे जमिनीवरून उभा केलेला टॉवर, चढलास, हे वाचून आनंद झाला. भीती वाटली नाही म्हणतोस. थोडी वाटू दे, बिघडत नाही. कंपनीने नवा कोरा हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा पट्टा, दिला, तो टॉवरला अडकवायचा दोन हुकांचा दोर, म्हणजे डबल लॅनयार्ड, दिला, हेल्मेट दिलं, म्हणजे ‘सेफ्टीचं सगळं ओके’ असंही तू लिहिलंस. त्या ओकेसाठी हे पत्र.

हार्नेस तुला अडवतो आणि जिथे अडवतो तिथेच टांगून ठेवतो. पस्तीस मीटरवर पाय निसटला, लॅनयार्डमधला धक्का शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडला, तू वाचलास. मग पुढे काय? तिथून खाली आणणं हे पट्ट्याचं काम नाही, माणसाचं आहे. म्हणून साइटवर पोचलास की सामान उतरवण्याआधी विचार: मी लटकलो तर मला कोण उतरवणार, कशाने उतरवणार, आणि त्याने हे याआधी करून पाहिलंय का? बहुतेक ठिकाणी उत्तर म्हणून हसू येईल. मोबाइल ऑपरेटरने काम टॉवर कंपनीला दिलेलं, तिने व्हेंडरला, व्हेंडरने सबव्हेंडरला, आणि शेवटी टेम्पोतून आलेले तुम्ही तिघं, त्यातला एक ड्रायव्हर. कागदावर रेस्क्यू प्रत्येकाकडे असतो, साइटवर कोणाकडेच नसतो. ड्रायव्हर खाली उभा आहे याला ‘दुसरा माणूस’ धरू नकोस. ज्याला चढता येतं, ज्याच्या अंगावर स्वतःचा हार्नेस आहे आणि ज्याने उतरवण्याचा सराव केलाय तोच दुसरा माणूस.

घाई कशाची ते सांगतो. माणूस हार्नेसमध्ये निपचित लटकला की पायांतलं रक्त पायांतच साचतं. ते हृदयाकडे परत ढकलण्याचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, आणि पाय हलत नसले की तेच थांबतं. मग गरगरतं, घाम फुटतो, शुद्ध जाते. शुद्ध गेल्यावरही शरीर उभंच राहतं, आडवं होऊ शकत नाही, खरा धोका तिथे आहे. काहींना हे काही मिनिटांतच होतं, काही जास्त तग धरतात. तू कोणत्या गटातला हे आधी कळत नाही. लटकलास आणि शुद्धीवर असलास तर पाय चालवत राहा, टॉवरच्या अँगलला पाऊल टेकवून जोर दे. हार्नेसला पाय ठेवायचे छोटे पट्टे लावता येतात, त्यांत पाऊल घालून उभं राहता येतं. नसतील तर मागून घे, फार महाग नसतात.

खाली आणलेल्या माणसाला अर्धा तास बसवूनच ठेवायचं, आडवं करायचं नाही, असं तुला एखादा जुना ट्रेनर सांगेल. एकेकाळी तसंच शिकवायचे. २००९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्यासाठी याचा आढावा घेतला गेला, आणि बसवून ठेवण्याला आधार सापडला नाही. नेहमीचाच प्रथमोपचार कर: आडवं निजवायचं, श्वास बघायचा, बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. पडताना कुठे आपटला असेल तर मान आणि पाठ सांभाळून.

आता उतरवण्याची रीत. हे पत्रातून शिकण्यासारखं नाही, तरी क्रम डोक्यात असू दे. वर जाणारा आधी स्वतःला बांधतो. दुसऱ्याला वाचवायच्या गडबडीत स्वतःचा हूक मोकळा ठेवून चढलेला माणूस दुसरा जखमी होतो. मग लटकलेल्याच्या डोक्याच्या वर, मजबूत अँगलवर अँकर, म्हणजे दोराचा आधार, घेतो. दोर त्याच्या छातीच्या किंवा पाठीच्या डी-रिंगला, म्हणजे हार्नेसच्या धातूच्या कडीला, जोडतो. नंतरची पायरी लोकांना ठाऊक नसते: त्याचं सगळं वजन अजून त्याच्या लॅनयार्डवर असतं आणि ताणलेला हूक काही केल्या सुटत नाही. म्हणून पुलीने त्याला आधी वीतभर वर उचलायचं. एक तृतीयांश जोरात उचलणारी थ्री-टू-वन पुली लावली तर ऐंशी किलोच्या माणसाला हिशोबाने सत्तावीस किलोचा ओढा पुरतो, घर्षण धरून बराच जास्त. लॅनयार्ड सैल पडला की हूक काढायचा आणि डिसेंडरवरून, म्हणजे दोराचा वेग आवरणाऱ्या साधनावरून, सावकाश सोडायचं. सुरीने लॅनयार्ड कापण्याचा मोह आवर. ताणाखालचा दोर नुसत्या स्पर्शाने तुटतो, आणि शेजारीच तुमचा दोघांचा दोर असतो.

दोराची लांबी टेम्पोत बसायच्या आधी मोज. वरून सोडणार असाल तर टॉवरच्या उंचीइतका आणि वर थोडा पुरतो. पण पुली वर बांधून दोर खालून सांभाळणार असाल तर दुप्पट लागतो: साठ मीटरच्या टॉवरला एकशे वीसहून जास्त. साठ मीटरचा दोर घेऊन साठ मीटरच्या साइटवर गेलेली गँग मी पाहिली आहे. किट सीलबंद होतं, म्हणून ऑडिटमध्ये पास. सीलबंद किट म्हणजे कोणी कधी उघडलेलं नाही असं किट, हे ऑडिटवाल्याला कोण सांगणार!

सरावासाठी फार उंची लागत नाही. टॉवरच्या पहिल्या दहा मीटरवर वाळूची पोती लटकवून दोघांनी उतरवून बघा, मग हातमोजे घालून पुन्हा करा. दोराचं काम नीट पाहायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकाचं काम बघ. कड्यावरून जखमी माणूस खाली कसा आणतात, त्यात आरडाओरडा किती कमी असतो ते दिसेल. टॉवर आणि कडा सारखे नाहीत, पण अँकरची शिस्त तीच.

बाहेरची मदत येईल या भरवशावर चढू नकोस. तालुक्याच्या अग्निशमन बंबाची शिडी तुझ्या उंचीला पोचत नाही. १०८ ची रुग्णवाहिका येते, पण ती टॉवरच्या बुंध्यापर्यंत. आणि तिला तुझा साइट आयडी कळत नाही! गावाचं नाव, फाटा, जवळची खूण आणि नकाशावरचं लोकेशन चढण्याआधी कागदावर लिहून खालच्या माणसाच्या खिशात दे.

पडूच नये म्हणून काय करायचं हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेलच. जे सांगत नाहीत तेवढं लिहितो. कमरेच्या दोन डी-रिंग काम करताना टेकून उभं राहायला आहेत, पडणं अडवायला नाहीत. डबल लॅनयार्डचा जो हूक वापरात नाही तो हार्नेसच्या मजबूत रिंगला अडकवून ठेवू नकोस, नाहीतर पडताना शॉक अ‍ॅब्सॉर्बर उलगडतच नाही आणि सगळा धक्का अंगावर येतो. त्याच्यासाठी छातीवर झटक्याने सुटणारा लूप असतो, तिथे ठेव. हूक नेहमी डोक्याच्या वर. पायाजवळ अडकवलास तर दोन मीटरच्या लॅनयार्डवर चार मीटर पडशील. त्यात अ‍ॅब्सॉर्बर पावणेदोन मीटरपर्यंत उलगडतो, खाली तुझी स्वतःची उंची आहे. युरोपीय मानकाप्रमाणे धक्का ६ किलोन्यूटनच्या आत राहतो, पण त्यासाठी खाली जागा मोकळी हवी. जमिनीपासूनच्या पहिल्या पाच-सहा मीटरमध्ये ती पुरत नाही, आणि तिथेच लोक निर्धास्त असतात.

शिडीभोवतीच्या पिंजऱ्यावरही विसंबू नकोस. पिंजरा पडणं अडवत नाही, पडताना आपटायला मात्र भरपूर लोखंड देतो. अमेरिकेत १८ नोव्हेंबर २०१८ नंतर बसवलेल्या २४ फुटांहून उंच शिड्यांना नुसता पिंजरा चालत नाही. जुन्यांना २०३६ पर्यंत मुदत दिली आहे.

हार्नेस शेल्टरमध्ये, म्हणजे टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीत, बॅटरी बँकेजवळ टाकून जेवायला जाऊ नकोस. नायलॉनला आम्ल लागलं की वरून काही दिसत नाही, आत ताकद गेलेली असते. डीजीच्या, म्हणजे जनरेटरच्या, डिझेलपासूनही लांब ठेव. एकदा पडणं अडवलेला हार्नेस आणि लॅनयार्ड पुन्हा वापरायचा नाही, कितीही नवा दिसो.

तू लिहिलंस की लवकरच टॉवर स्ट्रेंदनिंगची, म्हणजे टॉवर मजबूत करण्याची, कामं येणार आहेत. मग क्लार्क्सबर्गचं प्रकरण तुला माहीत असावं. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियात १ फेब्रुवारी २०१४ रोजी एका टॉवरचे आडवे-तिरपे ब्रेस, म्हणजे आधाराचे लोखंडी दांडे, बदलण्याचं काम चालू होतं. जुने काढले, पण त्यांच्या जागी तात्पुरते लावले नाहीत. टॉवर कोसळला, वरचे दोन कामगार गेले, दोन जखमी झाले. मदतीला अग्निशमन दलाचे स्वयंसेवक धावले, आणि काही वेळाने शेजारचा लहान टॉवरही कोसळला. त्यात मदतीला आलेला एक जवान गेला. त्या टॉवर कामगारांचे हार्नेस कसे होते हा प्रश्नच तिथे उरत नाही. ज्याला हूक लावलाय तोच आडवा झाला. टॉवरचा एक मेंबर, म्हणजे एकही लोखंडी दांडा, काढायच्या आधी त्याचा भार कोण घेणार हे ड्रॉइंगवर दाखवायला सांग. अपघात झाल्यावर धावण्याआधी दहा सेकंद थांबून वर बघ: काय तुटलंय, काय अजून पडू शकतं, वीज चालू आहे का, समोरचा रेडिओलहरी सोडणारा सेक्टर अँटेना बंद केलाय का.

आपल्याकडची दोन संकटं परदेशी पुस्तकांत फारशी भेटणार नाहीत. एक, आग्या मोहोळ. डिशच्या मागे नाहीतर प्लॅटफॉर्मखाली पोळं असतं आणि खालून दिसत नाही. चढण्याआधी दुर्बिणीने बघ, निदान मोबाइलचा कॅमेरा झूम करून. दिसलं तर त्या दिवशी काम नाही. वर जाऊन धूर करायचं शौर्य नको. माश्या अंगावर आल्यावर माणूस हूक लावायचा विसरतो. दुसरं, वळवाची वीज. एप्रिल-मेच्या दुपारी ढग कधी चढतात कळत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप खालच्या माणसाच्या फोनवर असू दे. पहिला गडगडाट ऐकू आला की उतरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा चढायचं नाही.

सुपरवायझर म्हणेल, ‘पाच मिनिटांचं काम आहे, साइट डाउन आहे, चढ.’ तेव्हा वाद घालू नकोस, सेफ्टीवर भाषणही नको. फक्त म्हण, ‘सर, रेस्क्यूला कोण आहे त्याचं नाव परमिटवर लिहा, मी चढतो.’ बहुतेक वेळा नाव लिहायची वेळ आली की माणूस सापडतो किंवा काम उद्यावर जातं. एखादा संतापेल, रोजंदारी तोडायची धमकी देईल. घरचं भाडं द्यायचंय हे मला कळतं, म्हणून दुसऱ्या गँगचे नंबर फोनमध्ये ठेव. चांगल्या रिगरला काम कमी नाही.

आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी कर. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यापासून बांधकामाच्या व्याख्येत रेडिओ, टेलिव्हिजन, टेलिफोनची कामं नावानिशी आहेत, पण टॉवरवाल्या पोरांना आपण त्यात बसतो हे ठाऊकच नसतं. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो सबव्हेंडरकडून आत्ताच घे. सहा महिन्यांनी तो फोन उचलणार नाही.

उत्तर पाठवताना हार्नेसच्या लेबलचा फोटो जोड, बनवल्याची तारीख वाचता येईल असा.

तुझा,
काका