पोस्टरं त्यांनी विकली, पैसे आपणच द्यायचे?

प्रश्न (साखर पेठ, सोलापूर): चुलते थिएटरात डोअरकीपर होते. त्यांच्या ट्रंकेतली 62 जुनी सिनेमा पोस्टरं मुंबईच्या एका लिलाव संस्थेला विक्रीसाठी दिली. त्यांनी चार गठ्ठे करून 48 विकली, 21,000 रुपयांना. कमिशन 4,200, फोटोंचे 12,400 आणि विमा-साठवणुकीचे 6,000 कापून आता माझ्याकडेच 1,600 मागतात. तोवर उरलेली 14 देत नाहीत. पोलिसांत जाऊ का?

उत्तर: नका जाऊ. 'हे दिवाणी आहे' एवढं ऐकायला सकाळ कशाला घालवायची?

भाव कमी आला, हे भांडणही सोडा. टाचण्यांची भोकं पडलेलं पोस्टर गठ्ठ्यात गेलं की भावही गठ्ठ्याचाच येतो. अपवाद एकच, आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत टाकलाय! चार मोठी पोस्टरं 'प्रत्येकी दोन हजारांखाली देऊ नका' असं तुम्ही व्हॉट्सॲपवर कळवलं, त्यांनी 'ओके' म्हटलं, आणि तरी ती गठ्ठ्यात गेली. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 211 नुसार मालकाच्या सूचनेबाहेर जाऊन एजंटाने (इथे लिलाव संस्थेने) नुकसान केलं तर ते त्याने भरून द्यायचं असतं. 'लॉट कसे पाडायचे ते आम्ही ठरवू' हे छापील वाक्य ते पुढे करतील. पण चार नगांपुरती सूचना त्यांनी नंतर मान्य केली, याचं वजन माझ्या मते जास्त. ते चॅट पुसू नका, फोनही विकू नका. पुराव्यात ते देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं प्रमाणपत्र लागेल.

आता हिशेब. कमिशन त्यांच्या फॉर्मवर 20 टक्के छापलंय, तिथे वाद नाही. फोटो आणि विम्यापुढे मात्र नुसतं 'लागू दराने'. नगाला 200 रुपये हा दर तुम्हाला कधी सांगितला होता? मागितल्यावर नीट हिशेब देणं एजंटाला कलम 213 नुसार बंधनकारक आहे. स्पीड पोस्टाने लॉटवार विक्री, दरपत्रक आणि विम्याची पावती मागा, 15 दिवसांची मुदत द्या. विमा खरंच उतरवला होता का, हे मलाही बघायचंय.

14 पोस्टरांबाबत आवाज चढवू नका. येणं बाकी असेतो माल धरून ठेवायची मुभा कलम 221 एजंटाला देतं. 'हरकत राखून भरत आहे' असं लेखी कळवून 1,600 भरा आणि माल सोडवून आणा. हा सल्ला पक्षकारांना कडू लागतो, ठाऊक आहे. पण ओल्या गोदामात पावसाळा काढलेला कागद जिंकून करणार काय?

मग ग्राहक आयोग. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करायची सोय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 34 ने आहे, त्यामुळे फॉर्मवर 'मुंबई न्यायालय' छापलेलं असलं तरी सोलापूरच्या जिल्हा आयोगात जा. मुदत 2 वर्षं. सेवेचा मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. वकीलही लावू नका, फीच 1,600 च्या वर जाईल.

एका गोष्टीची मात्र धास्ती आहे. 'अधूनमधून पोस्टरं विकतो' असं तुम्ही सहज लिहून गेलात. तो धंदा ठरला तर 'हा ग्राहकच नाही' असा बचाव ते घेतील. ही ट्रंक चुलत्यांची होती हे दाखवणारं घरात काही सापडतंय का, ते आधी शोधा.